पाणीपुरवठा व मलनिस्सारण योजनांचे शासकीय अर्थसाहाय्य
पाणीपुरवठा व मलनिस्सारण योजनांचे शासकीय अर्थसाहाय्य : वस्त्यांना पिण्याचे शुद्ध पाणी पुरविणे आणि वापरलेले पाणी गोळा करून, त्यावर संस्करण करून त्याची निर्धोक विल्हेवाट लावणे, यांसाठी लागणाऱ्या बांधकामांना व यंत्रसामग्रीला शासन अनुदान, कर्ज, हमी किंवा भागभांडवल या रूपांनी जो पैसा पुरविते, त्यास ही संज्ञा लावतात. बंधारे, विहिरी व विंधन विहिरी, पंपगृहे, जलशुद्धीकरण केंद्रे, उंच टाक्या, वितरणनलिका, भुयारी गटारे आणि मैलापाणी संस्करण केंद्रे ही या खर्चाची मुख्य अंगे होत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारतातील, त्यातही महाराष्ट्रातील, व्यवस्थेचा विचार केला असून परदेशांतील पद्धतींचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

पाणी ही विकता येणारी वस्तू असूनही तिच्या पुरवठ्यात शासनाला पैसा का घालावा लागतो, याची कारणे अर्थशास्त्रीय तशीच आरोग्यविषयकही आहेत. नळयोजनेचा खर्च आरंभीच एकदम करावा लागतो. अर्धी जलवाहिनी घालून अर्धे पाणी मिळत नाही. एकाच रस्त्यात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी नळ टाकणे परवडणारे नसल्याने हा व्यवसाय स्वभावतःच मक्तेदारीचा ठरतो. गरीब कुटुंबाने पैशाअभावी दूषित पाणी प्यायल्यास पटकी, विषमज्वर, कावीळ यांसारखे रोग त्या कुटुंबापुरते राहत नाहीत. मैलापाण्याच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. नळाचे पाणी घरात येते, त्याचा लाभ ज्याचा त्यास दिसतो आणि त्यासाठी तो पैसे द्यावयास तयार असतो. गटार मात्र घाण घरातून बाहेर नेते. संस्करण केंद्र बांधल्याचा लाभ तर नदीच्या खालच्या अंगास राहणाऱ्या, त्या नगरपालिकेचे करदाते नसलेल्या लोकांना मिळतो. पंचगंगेच्या काठी वरच्या अंगाला कोल्हापूर व खालच्या अंगाला इचलकरंजी आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली तेव्हा या नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न ऐरणीवर आला. अशा ठिकाणी दोन्ही गावांहून मोठ्या अशा एखाद्या सत्तेने खर्चाचा वाटा उचलल्यावाचून काम उभे राहत नाही.

ऐतिहासिक आढावा : राज्यकर्त्याने स्वतःच्या खजिन्यातून शहरास पाणी आणून देणे ही भारतातील जुनी प्रथा होय. मलिक अंबरने खडकी (नंतरचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे भूमिगत नहर खोदून पाणी आणले. पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पुण्यातील हौदांपर्यंत पाणी पोहोचविले. ही पाणी राज्याने दिलेली देणगी असे. त्यासाठी पट्टी नसे आणि म्हणून हिशोबही नसे. एकोणिसाव्या शतकात धनिकांच्या दानाचीही त्यात भर पडली. पुण्याच्या पाण्याच्या कामास सर जमशेटजी जिजीभाई यांनी मोठी रक्कम दिली होती.

कर्ज काढून बांधावयाचे व करातून फेडावयाचे ही पद्धत ब्रिटिश अमदानीत आली. मुंबई बेटावरील विहिरी व तलाव वाढत्या वस्तीस अपुरे पडू लागले. १८५४ मधील अवर्षणाने ही निकड सरकारच्या ध्यानी आणली आणि हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार साष्टीतील विहार येथे १८५६ मध्ये धरणाचे काम सुरू होऊन ते १८६० मध्ये पूर्ण झाले. काम सरकारने केले, परंतु त्याचा खर्च पुढे नगरपालिकेच्या माथी कर्ज म्हणून बसला आणि त्याची परतफेड हा अनेक वर्षे तिच्या हिशोबातील एक कटकटीचा विषय होऊन राहिला. विहारमागून तुलसी (१८७९) व तानसा (१८९२) येथील पाणी आले. मलनिस्सारणाचे मात्र तसे झाले नाही. शहरात भरपूर पाणी आले, पण ते वाहून नेणारी गटारे कशी व कोठे काढावीत यावर अभियंत्यांचे व नगरसेवकांचे वाद पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. मधल्या काळात ते पाणी सखल भागांत मुरत राहिले. पाण्याला पैसा आधी आणि मैलापाण्याला मागाहून हा क्रम मुंबईने तेव्हा घालून दिला व देशातील बहुतेक शहरांनी तो पुढे इमानाने पाळला.

याच सुमारास लंडनमध्ये याच्या उलट घडले, ते मुख्यतः पार्लमेंटच्या नाकाशी घाण आल्यामुळे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने सभागृहात बसणे अशक्य झाले आणि थोड्याच दिवसांत महानगर मंडळास ३० लक्ष पौंड कर्ज उभारण्याची परवानगी देणारा कायदा संमत झाला. कर्जास शासकीय कोषागाराची हमी होती आणि परतफेड ४० वर्षे घरपट्टीबरोबरच्या जादा आकारणीतून व्हावयाची होती. जोसेफ बॅझलजेट यांनी बांधलेली ती गटारे आजही वापरात आहेत. कर्जाची मुदत बांधकामाच्या आयुष्याशी जुळविणे, करातून परतफेडीची सोय आरंभीच करणे आणि शासनाने रोख पैशाऐवजी पत पुरविणे, ही या व्यवहाराची तीन अंगे आजही उपयोगी पडणारी आहेत.

भारतात स्थानिक संस्थांच्या कर्जउभारणीस १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज अधिनियमाने चौकट मिळाली. तथापि मोठ्या शहरांखेरीज इतर नगरपालिकांची ऐपत बेताचीच असल्याने तिचा उपयोग मर्यादित राहिला. खेड्यांसाठी तर काही लोकल बोर्डांच्या विहिरी सोडल्यास फारसे काही झाले नाही. भोर समितीने (१९४६) पाणी व स्वच्छता यांना सार्वजनिक आरोग्याचा पाया मानले आणि १९५४ मध्ये, पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, राष्ट्रीय पाणीपुरवठा व स्वच्छता कार्यक्रम सुरू झाला. ग्रामीण योजनांना अनुदान आणि नागरी योजनांना कर्ज, हा भेद त्यातच रुजला.

घटनात्मक स्थिती व पैशाचे मार्ग : पाणीपुरवठा (सातव्या अनुसूचीतील राज्यसूची, नोंद १७) आणि सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता (नोंद ६) हे विषय राज्यांचे आहेत. त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी (१९९२) ते अनुक्रमे पंचायती व नगरपालिका यांच्याकडे सोपविण्याची तरतूद केली. काम स्थानिक संस्थेचे, कायदा राज्याचा आणि वाढते करउत्पन्न मात्र केंद्राकडे, अशी ही त्रिस्थळी व्यवस्था आहे. त्यामुळे पैसा वरून खाली येतो आणि येताना आपल्याबरोबर अटी घेऊन येतो. केंद्रपुरस्कृत योजनांतील वाटा, वित्त आयोगाच्या शिफारशीवरून मिळणारी अनुदाने, राज्याचा स्वतःचा योजनाखर्च, आयुर्विमा महामंडळ व गृहनिर्माण आणि नागरी विकास महामंडळ (हुडको, स्थापना १९७०) यांसारख्या संस्थांची कर्जे, जागतिक बँक व जपानी साहाय्य यांसारखी परदेशी कर्जे, कर्जरोखे आणि शेवटी पाणीपट्टी, असे हे मार्ग आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ या काळासाठी ग्रामपंचायतादी संस्थांना द्यावयाच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांस बांधून दिला होता. ग्रामपंचायतीच्या हाती या विषयासाठी नियमित पैसा येण्याचा हा विशेष उल्लेखनीय प्रसंग होय.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाने या क्षेत्राची घडी बदलली. त्याच वर्षी भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा स्थापन झाली. पुढे १९७६ च्या अधिनियमान्वये महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ अस्तित्वात आले; १९९७ मध्ये त्याचे नाव महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले. योजना आखणे, बांधणे, तीसाठी कर्ज उभारणे आणि पूर्ण झाल्यावर ती स्थानिक संस्थेच्या स्वाधीन करणे असे तिचे काम होते. आस्थापनेचा खर्च योजनांच्या किंमतीवर आकारलेल्या ठरावीक टक्केवारीतून भागवावयाचा, असा दंडक अशा संस्थांत असे. जी संस्था बांधकामाच्या टक्केवारीवर जगते तिची दृष्टी बांधकामाकडेच लागावी, यात अस्वाभाविक काही नाही. दोष माणसांपेक्षा रचनेचा अधिक आहे. योजना तयार होऊनही ती चालविणे झेपणार नाही म्हणून नगरपालिकेने अथवा ग्रामपंचायतीने ताब्यात घेण्यास टाळाटाळ करावी, असे प्रकार राज्यात अनेकदा घडले आहेत.

ग्रामीण योजना : ग्रामीण पाणीपुरवठ्याला वेग देण्यासाठी केंद्र शासनाने १९७२-७३ मध्ये त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू केला व राज्यांना पूर्ण अनुदान देऊ केले. १९७४ पासून किमान गरजा कार्यक्रमात हा विषय आल्यावर तो काही काळ स्थगित झाला, परंतु १९७७-७८ मध्ये पुन्हा चालू करावा लागला. दरडोई दररोज ४० लिटर पाणी, १·६ किमी. च्या आत उद्‍भव आणि २५० माणसांमागे एक हातपंप ही त्याची मोजमापे होती. १९८६ मध्ये त्याला तंत्रज्ञान अभियानाचे रूप आले व १९९१ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पेयजल अभियान हे नाव मिळाले. १९९९ नंतर धोरणाने वळण घेतले. लोकांनी भांडवली खर्चाचा काही भाग स्वतः द्यावा आणि देखभाल पूर्णतः स्वतः करावी, म्हणजे योजना त्यांना आपली वाटेल, या विचारावर स्वजलधारा (२००२) आधारलेली होती. महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने २००३ पासून राबविलेला जलस्वराज्य प्रकल्प हा त्याच विचाराचा. नंतर राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रम (२००९) आला आणि १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन अभियानाची घोषणा झाली.

या अभियानाने मोजमापच बदलले. पूर्वी वस्तीत पाण्याचा उद्‍भव असला म्हणजे ती वस्ती 'व्याप्त' धरली जाई; आता प्रत्येक घरात नळ आणि दरडोई ५५ लिटर पाणी हे लक्ष्य ठरले. आरंभी ३·२३ कोटी, म्हणजे सु. १७ टक्के, ग्रामीण घरांतच नळ होता. अंदाजे ३·६० लक्ष कोटी रुपये खर्चापैकी २·०८ लक्ष कोटी केंद्राचा वाटा होता. सर्वसाधारण राज्यांत केंद्र व राज्य यांचे प्रमाण ५० : ५० आणि ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत ९० : १० ठेवण्यात आले. गावातील अंतर्गत कामांच्या खर्चाचा १० टक्के वाटा गावाने द्यावयाचा होता. डोंगराळ, वनव्याप्त व अनुसूचित जाति-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांसाठी तो ५ टक्के होता. २०२४ पर्यंत काम पुरे न झाल्याने २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढविण्याचे जाहीर झाले. गोवा हे सर्व ग्रामीण कुटुंबांना नळजोडणी असल्याचे प्रमाणित झालेले पहिले राज्य (ऑगस्ट २०२२) होय.

देखभालीचा प्रश्न : प्रत्येक दशकात नवे नाव घेऊन तेच काम पुन्हा का काढावे लागते, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी अर्थसाहाय्याच्या स्वरूपात सापडते. एकदा 'व्याप्त' ठरलेली वस्ती काही वर्षांनी पुन्हा 'टंचाईग्रस्त' यादीत येते. विंधन विहीर आटते, पंप जळतो, नलिका फुटते किंवा वीजबिल थकल्याने पुरवठा तोडला जातो. सरकारी परिभाषेत अशा वस्त्यांना माघारी घसरलेल्या वस्त्या म्हणत. घसरण्याचे काम एका दिवसात होत नाही. शासकीय अनुदान बहुधा भांडवली कामासाठी असते; त्यातून नवी टाकी बांधता येते, जुन्या टाकीची गळती थांबविता येत नाही. मग गळकी टाकी पार निकामी होऊ देणे आणि नव्या योजनेत नवी मागणे हेच ग्रामपंचायतीच्या दृष्टीने व्यवहाराचे ठरते. ज्या गावाने पट्टी वसूल करून जुनी योजना नीट चालविली त्याला नवे काही मिळत नाही, आणि ज्याने ती मोडू दिली त्याचे नाव यादीत वर चढते.

हा प्रश्न आकड्यांत मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, काही गावांच्या प्रादेशिक योजनेवर १० कोटी रुपये खर्च झाले व त्यांपैकी २ कोटी ४० लक्ष रुपये पंप व विद्युत् यंत्रसामग्रीचे आहेत. अभियांत्रिकी संकेतानुसार बांधकामाचे आयुष्य ३० वर्षे आणि यंत्रांचे १५ वर्षे धरतात. केवळ यंत्रे बदलण्यासाठी, भाववाढ व व्याज हिशोबात न घेता, वर्षाला १६ लक्ष रुपये बाजूस काढले पाहिजेत. योजनेवर ४,००० नळजोडण्या असतील तर प्रत्येक जोडणीमागे हे वर्षाचे ४०० रुपये झाले. वीज, तुरटी व क्लोरीन, पंपचालकाचा पगार आणि दुरुस्ती हा खर्च त्याहून वेगळा व पुष्कळ मोठा. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात वीजबिल दिसते, कारण ते दर महिन्याला दारात येते. घसारा दिसत नाही, कारण त्याचे बिल पंधरा वर्षांनी येते आणि त्या वेळी सरपंच दुसरा असतो. उंचावर व लांबवर पाणी उचलणाऱ्या प्रादेशिक योजनांत विजेचा भार इतका असतो, की पट्टी पूर्ण वसूल झाली तरी तोंडमिळवणी होणे कठीण. त्यामुळे अशा योजना मंजूर करताना बांधण्याच्या खर्चाइतकेच पाणी उचलण्याच्या खर्चाला महत्त्व द्यावयास हवे होते. ते सर्वत्र दिले गेले नाही.

याला सन्माननीय अपवाद आहेत. सातारा जिल्ह्यात कराडजवळील मलकापूरने मीटर बसवून, वापराप्रमाणे आकारणी करून चोवीस तास पाणीपुरवठा यशस्वी करून दाखविला. दर जाहीर, वापर मोजलेला आणि पाणी खात्रीचे असले म्हणजे लोक पैसे देतात, हे त्यावरून दिसते. मात्र उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. अवर्षणप्रवण भागातील लहान वाडीला संपूर्ण खर्च पट्टीतून उचलावयास सांगणे म्हणजे तिला पुन्हा विहिरीवर पाठविणे होय. शहरातील नळकऱ्यास कित्येकदा ग्रामीण नळकऱ्यापेक्षा स्वस्त पाणी मिळते आणि टँकरने पाणी विकत घेणारा सर्वांत महाग पाणी पितो, हे वास्तव लक्षात घेता देखभालीलाही काही ठिकाणी अनुदान देणे न्याय्य ठरते. प्रश्न अनुदान असावे की नसावे हा नसून ते कोणत्या खर्चाला बांधलेले असावे, हा आहे.

नागरी योजना : शहरांसाठी दीर्घकाळ कर्ज हाच मुख्य मार्ग होता. मुंबईच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण प्रकल्पास १९७३ मध्ये जागतिक बँक समूहाचे पहिले कर्ज मिळाले व त्यानंतर आणखी कर्जप्रकल्प झाले. बृहन्मुंबई महानगरपालिकेने या दोन सेवांचे 'ग' अंदाजपत्रक स्वतंत्रपणे मांडण्याची पद्धत पाडली, ती हिशोबाच्या दृष्टीने फार मोलाची. कारण बहुतेक नगरपालिकांत पाण्यावर खर्च किती व उत्पन्न किती, हेच सर्वसाधारण निधीच्या गर्दीत हरवून जाते. लहान शहरांना केंद्राचे अनुदान मिळू लागले ते १९९३-९४ पासून. १९९१ च्या जनगणनेनुसार २०,००० पेक्षा कमी वस्तीची गावे त्यास पात्र होती. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाने चित्र पालटले. ४० लाखांवरील शहरांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, १० लाखांवरील शहरांना ५० टक्के व इतरांना ८० टक्के रक्कम केंद्राकडून मिळू लागली. सात वर्षांच्या आत पाणीपट्टीतून चालू खर्च पुरता भरून काढावा, ही त्यातील एक मुख्य अट. अनेक शहरांत ती कागदावरच राहिली. पैसा आधी मिळून गेला की अटीचा जोर ओसरतो. २०१५ मध्ये ५०० शहरांसाठी अमृत योजना आली. तिचा दुसरा टप्पा २०२१ मध्ये सुरू झाला. त्याचा एकूण अंदाज २ लक्ष ९९ हजार कोटी रुपयांचा असून त्यात केंद्राचा हिस्सा ७६,७६० कोटी रुपये धरलेला आहे.

मैलापाणी : नळाने आलेल्या पाण्यापैकी सु. ८० टक्के पाणी वापरानंतर मैलापाणी होऊन बाहेर पडते, असे योजना आखताना गृहीत धरतात. त्यामुळे पाणीपुरवठ्याची प्रत्येक योजना ही न सांगता मैलापाण्याचीही योजना असते. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनाने भुयारी गटारे असलेल्या शहरास दरडोई १३५ लिटर आणि नसलेल्यास ७० लिटर हे प्रमाण सुचविले, त्यामागे हाच विचार आहे. प्रत्यक्षात पाण्याची योजना मंजूर होते, दरडोई पुरवठा वाढतो आणि गटारे मागाहून, दुसऱ्या एखाद्या अभियानातून येतील अशी अपेक्षा राहते. याचा परिणाम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत दिसतो. देशातील नागरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते. संस्करण केंद्रांची उभारलेली क्षमता ३१,८४१, चालू स्थितीतील क्षमता २६,८६९ आणि प्रत्यक्ष संस्करण २०,२३६ दशलक्ष लिटरांचे होते. यांतील पहिला फरक पैसा न मिळाल्याचा आहे. नंतरचे दोन फरक पैसा मिळून केंद्रे बांधली गेल्यानंतरचे आहेत. केंद्र तयार आहे पण घरे गटाराला जोडलेली नाहीत, किंवा वीज व माणसे यांचा खर्च न झेपल्याने ते अर्धवेळ चालते, अशी उदाहरणे देशभर आहेत. घरापासून गटारापर्यंतची जोडणी ही घरमालकाची जबाबदारी मानून ती अनुदानातून वगळणे ही अनेक योजनांतील चूक महागात पडली आहे.

नद्यांच्या नावाने मात्र मैलापाण्याला पैसा मिळाला. १९८५ मध्ये आखलेली गंगा कृती योजना, १९९५ ची राष्ट्रीय नदी संवर्धन योजना व २०१४ नंतरचा नमामि गंगे कार्यक्रम हे त्याचे टप्पे. शेवटच्या कार्यक्रमात संमिश्र वार्षिकी पद्धती वापरण्यात आली. तीनुसार कंत्राटदारास भांडवली खर्चाचा काही भागच बांधकामाच्या वेळी मिळतो, उरलेला केंद्र समाधानकारक चालविल्यावर पंधरा वर्षांत हप्त्यांनी मिळतो. बांधणाऱ्याचा पैसा चालविण्यात अडकवून ठेवण्याची ही युक्ती देखभालीच्या प्रश्नावर आजवर सुचलेल्या उपायांत अधिक विचारपूर्वक केलेली दिसते.

न्यायालयांनीही या प्रश्नात लक्ष घातले आहे. मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेने गटारे न बांधण्यास पैशाची अडचण पुढे केली असता, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सबब अमान्य केली. प्राथमिक स्वच्छतेचे कर्तव्य निधीच्या अभावी टळत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने मैलापाणी संस्करण केंद्रांच्या उभारणीस मुदत घालून दिली आणि खर्चासाठी आकारणीचे निकष ठरविण्यास सांगितले. जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ चा. त्याच्या अंमलबजावणीला पैसा मिळावा म्हणून १९७७ मध्ये उद्योग व स्थानिक संस्था यांच्या पाणीवापरावर उपकर बसविला गेला. वस्तू व सेवा कर लागू होताना २०१७ मध्ये तो रद्द झाला.

कर्जरोखे व फिरता निधी : स्वतःच्या पतीवर खुल्या बाजारातून पैसा उभारण्याचा प्रयोग अहमदाबाद महानगरपालिकेने १९९८ मध्ये केला, राज्याच्या हमीविना १०० कोटी रुपयांचे रोखे विकून तिने त्यातून पाणीपुरवठ्याची कामे केली. नाशिक व नागपूर या महानगरपालिकांनीही नंतरच्या काही वर्षांत त्याचे अनुकरण केले. २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे विकले. लहान गावांना हा मार्ग एकट्याने परवडत नाही. तमिळनाडूने डझनभराहून अधिक छोट्या संस्थांची कर्जे एकत्र करून २००२-०३ च्या सुमारास संयुक्त रोखे काढले. चेन्नईजवळच्या आलंदूर या उपनगरात तर भुयारी गटारांसाठी प्रत्येक घराने आगाऊ ५,००० रुपये ठेव दिली आणि तेवढ्या भांडवलाच्या बळावर उरलेले कर्ज उभारले गेले. गटाराला लोक पैसे देत नाहीत, या सार्वत्रिक समजुतीला त्याने छेद दिला. रोख्यांना मात्र एक मर्यादा आहे. ज्या महानगरपालिकेचे हिशोब चोख व उत्पन्न स्थिर तिलाच गुंतवणूकदार पैसा देतात. म्हणजे ज्यांना मदतीची गरज सर्वांत कमी त्यांनाच हा मार्ग मोकळा.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. १९७२ च्या कायद्याने तेथील केंद्र शासन मैलापाणी प्रकल्पांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देऊ लागले. १९८१ मध्ये ते ५५ टक्क्यांवर आणले गेले आणि १९८७ मध्ये त्याऐवजी प्रत्येक घटक राज्यात फिरता निधी स्थापण्यात आला. या निधीत केंद्राच्या रकमेच्या २० टक्के भर राज्य घालते, त्यातून नगरांना अल्प व्याजाने कर्ज मिळते आणि फेडलेली रक्कम पुन्हा दुसऱ्या नगराच्या उपयोगी पडते. पिण्याच्या पाण्यासाठी तसाच निधी १९९६ मध्ये निर्माण झाला. एकच रुपया अनेकदा वापरला जातो हा याचा मोठा गुण. पण परतफेड न करू शकणाऱ्या गरीब वस्त्या मागे पडतात हा दोषही तेथे दिसून आला आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यान्वये पाण्यासाठी दिलेल्या ५,००० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा मोठा भाग माफीचे कर्ज वा अनुदान म्हणून द्यावा लागला.

संस्कारित पाण्याची विक्री : मैलापाण्यातून उत्पन्न काढण्याचे मार्ग अलीकडे शोधले जात आहेत. नागपूर महानगरपालिकेच्या भांडेवाडी येथील केंद्रातून शुद्ध केलेले पाणी महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनीच्या कोराडी औष्णिक केंद्रास पुरविले जाते. या १३० दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रकल्पास नागरी पुनरुत्थान अभियानातून अनुदान मिळाले होते. सुरत महानगरपालिका २०१४ पासून पांडेसरा येथील उद्योगांना असे पाणी विकत आली आहे. ज्या शहराच्या जवळ पाण्याचा मोठा औद्योगिक ग्राहक आहे आणि ज्याला धरणातील पाणी त्याहून महाग पडते, तेथेच हा व्यवहार जमतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य लहान नगरपालिकांना असा ग्राहक नाही. त्यांचे संस्कारित पाणी शेतीला जाते आणि त्याची किंमत अद्याप कोणी ठरविलेली नाही.